लाल वर्तुळं

दि. ९, बुधवार

प्रिय ठमे,

हे पत्र घरी न पाठवता आजच्या कुरिअरने तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवते आहे, उद्या मिळेल. तिथेच वाच आणि तिथेच फाडून टाक. ‘ताईला वेड लागलं, फोन असताना पत्र लिहिते’ असं म्हणशील. म्हण खुशाल.

मी बरी आहे. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासते, संध्याकाळी पाठ धरते. काल एक आजोबा नवीन कवळी बसवून इतके खूश झाले, की आरशासमोरून हलेनात. डॉक्टरांनी शेवटी दिवा बंद केला.

तुझे अहो कसे आहेत? अजून दौऱ्यावरच ना?

बघ, आडवळणाने चालले आहे. सरळ सांगते.

तुझ्या अहोंनी मला दिलेल्या जुन्या फोनात ढगाचं चित्र असलेलं एक अॅप आहे; तीन महिन्यांपूर्वी ते चुकून उघडलं, तेव्हापासून त्यात मी न काढलेले फोटो दिसतात. आधी वाटलं, कुणीतरी माझ्या फोनात घुसलं. मग मी कामावरून फोन करणं सोडलं, न्हाणीघरात जाताना तो उपडा ठेवू लागले. शेवटी नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “ताई, फोटो फोनात थोडेच राहतात? इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकांवर जातात. ज्या ज्या फोनात तेच खातं, त्याला ते सगळे दिसतात. ह्यात आधीच्या मालकाचं खातं आहे. काढून टाकू?”

मी म्हटलं, नको.

कारण त्यात तुझा फोन कुठे आहे ते दाखवणारे, पडद्यावरून टिपलेले नकाशे होते, ठमे. रोजचे. नकाशावर एक ठिपका, त्यावर तुझं नाव. लॅब, भाजीचं दुकान, बस थांबा. गेल्या महिन्यात तू माझ्याकडे दीड तास बसलीस, तर माझ्या घराभोवती लाल वर्तुळ काढून वेळ लिहिली आहे. तुझा नवरा तुझ्या मागावर आहे. मी मनाची समजूत घालत राहिले, की काळजी असेल. काळजी करणारा माणूस वर्तुळं काढत नाही, हे कळायला मला तीन महिने लागले. खरं म्हणजे पहिल्या दिवशीच कळलं होतं.

सोमवारी तू काढलेला एक फोटो आला. दुसऱ्या गावच्या लॅबमधलं नेमणुकीचं पत्र, राहायला खोली, एक तारखेपासून हजर. तू मला सांगितलं नाहीस. बरोबरच केलंस. पण तू फोटो काढलास आणि तो त्याच्या खात्यात गेला. तू फक्त स्वतः काढलेले फोटो बघतेस. ते ढगाचं चित्र असलेलं अॅप कधी उघडलंच नसशील. मी फोटो तिथून पुसला, कचरापेटीही रिकामी केली. मधे तास-सव्वा तास गेला होता. त्याने पाहिला की नाही, देव जाणे. तुझ्या फोनातूनही गेला असेल, तर घाबरू नकोस, ते मी केलं.

काल त्याचा फोन आला. आवाज अगदी गोड. “ताई, तो जुना फोन परत द्या, तुम्हाला नवा घेऊन देतो.” दोन वर्षांत कधी चौकशी नाही, आणि आत्ताच बरा आठवला! मी म्हटलं, दुरुस्तीला टाकलाय. रविवारी न्यायला येतो म्हणाला. म्हणजे शनिवारी तो घरी पोचणार.

आता उरलेलं. तुझ्या फोनात त्याचं खातं कसं गेलं, ह्याचा विचार करत असशील. आठव, तू टायफॉइडने पडली होतीस आणि फोन माझ्याकडे होता. तो म्हणाला होता, “ताई, माझं खातं घालून द्या, म्हणजे तिचे फोटो हरवणार नाहीत. तिला कशाला त्रास?” ते मी घातलं, त्याने सांगितलं तसं एकेक बटण दाबत. तुला विचारलं नाही. आठवड्याने त्याने मला हा फोन दिला आणि मी ‘मेहुणा असावा तर असा’ म्हणून कामावर मिरवत बसले. लाज वाटते गं. म्हणूनच तीन महिने तोंड शिवून बसले होते.

खातं आत्ता काढू नकोस, त्याला लगेच कळेल. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत फोन चालू ठेवून लॅबच्या खणात टाक आणि मागच्या दाराने बाहेर पड. ठिपका लॅबमध्येच राहू दे. नेमणुकीचं मूळ पत्र आणि दोन कपडे घेऊन थेट एसटी स्टँडवर ये. माझ्याकडे येऊ नकोस, तो आधी इथेच शोधेल. मी तिथे तिकीट काढून थांबते. मला काय शिव्या घालायच्या त्या बसमध्ये घाल, मी शेवटपर्यंत बरोबर येणार आहे.

आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल, तर वेगळी वाट काढ, पण शनिवारच्या आत नीघ. मी वाट बघत थांबेन, तू नाही आलीस तर समजून घेईन.

तुला न विचारता तुझा फोन उघडणारी,
तुझी ताई