दोन्ही तळवे खाली

ट्रोम्सो
ता. २ जून १९९४

ती. ओडवारकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावरची माझी चिठ्ठी काकूने वाचली असेलच. तीत मी कामासाठी ट्रोम्सोला जातो एवढेच लिहिले होते. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे आज लिहितो. तीन दिवस कच्चे लिहून फाडतो आहे, म्हणून यात काही चुकले तर ते घाईने चुकले असे समजू नये.

देवमाशांची शिकार समुद्रात जाऊन अडवतात, त्या लोकांच्या जहाजावर मी लागलो आहे. जहाजाचे नाव ‘मेरिडियन’. यंत्रघराचे तेलपाणी आणि सगळे दोर माझ्याकडे आहेत. एकोणीस माणसे, नऊ देशांची. नववीत शाळा सोडलेला मी एकटाच, बाकीचे विद्यापीठातले. पण रबरी होडीचे इंजिन बंद पडले की हाक मलाच मारतात.

कारणही लिहितो. गेल्या वर्षी २३ जुलैला आपल्या ‘हावतर्ना’ नावेच्या डोलकाठीवर, टेहळणीच्या पिंपात मी होतो. मासा मीच हाताने दाखवला, तुम्ही नाव वळवलीत, काकूच्या भावाने, तुर्लाइफने, तोफ डागली. हार्पूनचा भाला फार मागे लागला. मासा मरेपर्यंत मी वरून घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, हे मी पाहिले आहे.

बाबा बुडाले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून तुम्ही वाढवलेत, आणि आठ उन्हाळे त्या पिंपात उभे केलेत. आता मला हात करून मासा दाखवता येत नाही. हे तोंडावर सांगायला हवे होते. जमले नाही.

नाताळात घरी यावे की नाही, तेवढे कळवावे. माझी लोकरी गंजी काकूने उन्हात घालू नये, रंग विटतो. रागावलात तरी लोभ काढून घेऊ नये.

आपला,
सिव्हर्ट


स्कारव्होय
ता. ११ जून १९९४

चि. सिव्हर्ट यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. काकूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. एक खाडाखोड नाही, एक मात्रा इकडची तिकडे नाही. असलं पत्र लिहून घर सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. तुर्लाइफ म्हणतो, पोरगा शत्रूला मिळाला खरा, पण अक्षर झकास.

चेष्टा पुरे. मला फार लागलं. जेट्टीवर पंधरा-वीस माणसं रोज विचारतात, आणि मी जाळी नीट करायचं नाटक करतो. तू ज्या मांसावर वाढलास, तेच आम्ही मारतो. सहा जणांची नाव आहे माझी, कारखाना नाही. पहिला तुकडा आजही आधी वरच्या घरातल्या म्हाताऱ्या हान्सिनेकडे जातो, मग आमच्या ताटात येतो. तुझे ते नऊ देशांचे लोक हान्सिनेला काय खाऊ घालणार आहेत, ते विचार त्यांना. आणि डुकराला मरायला किती मिनिटं लागतात, ते कोणी घड्याळ लावून पाहिलंय का, तेही विचार.

पण अकरा मिनिटांचं तू खरं लिहिलंस.

आता नीट वाच. तुमची माणसं शिकारी नावेच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर टाकतात, असं रेडिओवर ऐकलं. पश्चिमेचा वारा असताना आपल्या खडकांसमोर पंखा अडकला, तर नावेची किती वेळात लाकडं होतात, हे त्या जहाजावर फक्त तुला माहीत आहे. दोर तुझ्याकडे आहेत म्हणतोस. मग ते सांभाळ.

तुझ्या जागी पिंपात आता तुझी काकू चढते. चौपन्न वर्षं वय, गुडघे कुरकुरतात, पण डोळे घारीचे. वर गेली की मला हुकूम सोडते आणि खाली आली की पुन्हा हुकूम सोडते.

नाताळाचं विचारतोस? तुझी खोली तुझीच आहे. काकू म्हणते, हे विचारायला तीन दिवस लागले असतील तर पोरगा जेवत नसणार.

लोभ आहे, शाबूत आहे.

ओडवारकाका


मेरिडियन, हामरफेस्ट बंदर
ता. २० जून १९९४

ती. ओडवारकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र सहा वेळा वाचले. डुकराचा प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारला. इथे कोणीच मांस खात नाही, त्यामुळे तुमचा वार फुकट गेला. हान्सिनेआजीच्या प्रश्नाला मात्र कोणाकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नाही, हे लिहून ठेवतो.

दोरांचे सांगतो. इथल्या मोहिमांचा मुख्य योस्त नावाचा डच माणूस आहे. शूर आहे, दोनदा तुरुंगात जाऊन आला आहे. त्याला ‘हावतर्ना’च्या पंख्यात दोर हवा होता. मी नकाशा मांडला, आठ उन्हाळ्यांत पाहिलेला वारा आणि पाण्याची ओढ लिहून काढली, आणि खडकापर्यंत एकवीस मिनिटे असा हिशेब दाखवला. योस्त म्हणाला, एकवीस मिनिटांत ते मदत मागतील. मी म्हणालो, मदत यायला चाळीस लागतात. दोन तास वाद झाला. मते घेतली. अकरा विरुद्ध आठ, दोर नको ठरले. मोराग म्हणून स्कॉटलंडची मुलगी आहे, तिने माझ्या बाजूने सर्वांत जास्त भांडण केले. आम्ही फक्त तोफ आणि मासा यांच्या मध्ये होडी उभी करणार.

पण दुसरी गोष्ट वाईट झाली, आणि चूक माझी. पिंपातले काम कसे असते, असे योस्तने सहज विचारले. मी खुणा सांगून बसलो. एक हात सरळ, तर मासा तिकडे. दोन्ही तळवे खाली दाबले, तर इंजिन तत्काळ बंद, का ते नंतर विचारायचे. योस्त उडालाच. म्हणाला, मग होडीत उभा राहून तू तीच खूण कर, तुझा काका सवयीने इंजिन बंद करेल आणि मासा निघून जाईल. कोणाला इजा नाही, काही मोडतोड नाही, याहून सभ्य उपाय कोणता.

मी नाही म्हणालो. ती माणसाचा जीव धोक्यात असतानाची खूण आहे, खोटी करायची नसते. त्याला ते पटले नाही. तो म्हणाला, एका खुणेसाठी मासा मरू देणार का. मला नीट बोलता आले नाही. नंतर रात्रभर सुचलेली उत्तरे वहीत लिहिली आहेत, पण आता ती कोणी विचारत नाही. दोघे-तिघे मला काकाचा हेर म्हणतात.

आम्ही तुमच्यासमोर येणार आहोत. दिवस लिहीत नाही. तसे करणे बरोबर होणार नाही. पण होडी मी चालवणार आहे, एवढे तुम्हाला ठाऊक असावे. हे कळवले आहे, असे योस्तलाही सांगितले.

काकूने पिंपात चढताना कमरेचा पट्टा बांधावा. माया असू द्यावी.

आपला,
सिव्हर्ट


स्कारव्होय
ता. २६ जून १९९४

चि. सिव्हर्ट यास,
अनेक आशीर्वाद.

उद्या पहाटे निघतोय, म्हणून थोडक्यात.

येणार असशील तर आतून लोकर घाल. त्या रबरी होडीत कंबरेपर्यंत भिजायला होतं. तुर्लाइफला बजावलंय, तोफेच्या रेषेत माणूस दिसला की तोफेवर खोळ. तो म्हणाला, माणूस दिसला तर घालीन, सिव्हर्ट दिसला तर विचार करीन. मग स्वतःच हसला. घाबरू नकोस.

नाही म्हणालास ते वाचून काकू खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. पण आता मलाही एक घोर लावलास. त्या डच माणसाला खूण कळली आहे. उद्या समुद्रावर तुझे तळवे खाली गेले, तर मी काय समजायचं? पाण्यात माणूस आहे, की मासा सोडवायचाय? आठ वर्षं तुझ्या हाताकडे बघून मी एकदाही विचार केला नाही. आता करावा लागेल, आणि विचार करायला वेळ लागतो.

जपून राहा. बाकी प्रेम आहे तसंच आहे.

ओडवारकाका


मेरिडियन
ता. ४ जुलै १९९४

ती. ओडवारकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल जे झाले ते तुम्ही नावेवरून पाहिले. माझ्या बाजूने कसे झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे कशाला गैरसमज राहणार नाही.

सकाळी दहा चाळीसला आम्ही मध्ये आलो. होडीत मी, पुढे मोराग, मधे योस्त. तुर्लाइफने तोफेवर खोळ घातली, ती मी पाहिली. त्याला माझे आभार सांगावे. तरी तुम्ही माशामागे हळू येतच होता. काकू पिंपातून सरळ हात धरून होती. योस्त म्हणाला, आणखी जवळ घे. मी घेतली. तेवढी घ्यायला नको होती. लाट आली आणि मोराग उलटून तुमच्या नावेच्या नाकाखाली पडली. डाव्या अंगाला, फुगवट्याच्या खाली. तिथले सुकाणूच्या चाकावरून दिसत नाही आणि पिंपातूनही दिसत नाही, हे मला माहीत होते. ती नावेला घासत मागे पंख्याकडे जाणार होती.

योस्त ओरडत दोन्ही हात हलवू लागला. पण तो सकाळपासून तेच करत होता. मी इंजिन सोडले, उभा राहिलो आणि दोन्ही तळवे खाली दाबले. तुमचे पत्र माझ्या खिशात होते. त्यातले ‘विचार करायला वेळ लागतो’ हे वाक्य मला पाठ आहे. तुम्ही विचार कराल, असे मला वाटले, आणि तुमचा दोष नसता.

इंजिन बंद झाले.

मोराग सांगते, पंख्याच्या पात्यावर तिचा हात टेकला. ते थांबलेले होते. आम्ही तिला मागून उचलून घेतले. मग तुम्ही बाहेर आलात, बोटाने आम्हाला एक, दोन, तीन मोजलेत आणि आत गेलात. मासा तोवर निघून गेला होता.

संध्याकाळी योस्त सर्वांसमोर म्हणाला, पाहा, खूण चालते. उद्या पुन्हा करू. मोराग तीन घोंगड्यांत बसली होती, दात वाजत होते. ती म्हणाली, बरं, मग उद्या पाण्यात तू पड, म्हणजे खूण खोटी होणार नाही. सगळे हसले. योस्त हसला नाही, पण नंतर येऊन त्याने माझ्याशी हात मिळवला. मासा वाचवायला ती खूण कधी वापरायची नाही, असे वहीत लिहून सर्वांनी सह्या केल्या. योस्तनेही.

मी तुमच्यासमोर पुन्हा येणार आहे. शिकारीबद्दल माझे मत बदललेले नाही. पण एक विचारतो. तुम्ही का थांबलात? काकू तर पुढे चला अशी खूण करत होती.

उत्तर नाही दिले तरी चालेल. जीव लावता तसाच लावावा.

आपला,
सिव्हर्ट


स्कारव्होय
ता. १३ जुलै १९९४

चि. सिव्हर्ट यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

का थांबलो, ते मला माहीत नाही. विचार करीन म्हणून लिहिलं होतं, पण केलाच नाही. तुझे तळवे पुरते खाली जायच्या आत माझा हात इंजिनच्या दांडीवर होता. तुर्लाइफ पुढून ओरडला, फसवतोय तो, फसवतोय! वरून काकू ओरडली, पुढे चल, झोपलास का! लग्नाला एकतीस वर्षं झाली, पिंपात ती असताना मी तिचं पहिल्यांदाच ऐकलं नाही. मग नावेच्या मागे ती लाल कपड्यातली पोरगी वर आली, आणि मी तुम्हाला मोजायला बाहेर आलो. काकूनं खाली उतरून कॉफी टाकली. चार कप, माणसं सहा.

वर्तमानपत्रात आलंय, आंदोलकांनी ‘हावतर्ना’ अडवली. जेट्टीवर सगळे ते वाचत होते. एकानं मुद्दाम मोठ्यानं वाचलं, मी ऐकावं म्हणून. या खेपेला मी जाळ्याकडे गेलो नाही. त्यांच्यात जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, की त्यांनी नाही थांबवलं. माझ्या पोरानं थांबवलं. तो खोटा हात करत नाही, हे तिकडच्यांनाही कळलंय आणि मलाही. मग तुझं पत्र काढून दाखवलं. अक्षर बघून शाळेचे मास्तर म्हणाले, याला मी नववीतून जाऊ कसं दिलं. मी म्हणालो, तुम्ही नाही, मी नेला; माझी चूक.

आता दुसरं. तुला फसवून लिहिणार नाही. गुरुवारी आम्ही मासा मारला. काकूला मी पिंपात घड्याळ घेऊन जायला सांगितलं होतं. चार मिनिटं. कागदावर दोन लिहावं असं मनात आलं, पण हे पत्र तू वाचणार. म्हणून चार. जानेवारीत नेम आणखी जवळून धरायचं शिक्षण आहे, तुर्लाइफला पाठवतोय. तो कुरकुरतोय, पण जाईल.

पुढच्या उन्हाळ्यात तू समोर येशील, मी मासा मारायला निघेन. तू तुझं कर, मी माझं. पण होडी एवढ्या जवळ घेऊ नकोस. ती चूक तुझी होती आणि तू लिहिलीस, म्हणून रागावत नाही. आणि तळवे कधी खाली करावे लागले तर बिनधास्त कर. मी विचार करणार नाही.

नाताळात त्या मोरागला घेऊन ये. काकू म्हणते, पोरगी मांस खात नसेल तर बटाटे आणि तपकिरी चीज भरपूर आहे. गंजी उन्हात घातलेली नाही, बर्फाआधी पोस्टानं पाठवतो.

आमचा जीव तुझ्यावर आहे, समोरून आलास तरी.

ओडवारकाका

ता. क. पिंपात यापुढे कोणी नवं चढवायचं नाही, असं काकूनं ठरवलंय. गुडघे टिकतील तोवर ती चढेल.