जखमीचं काम

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आजपासून मी पथकात! ऑफिसजवळ माणला खोली घेऊन दोन वर्षं झाली, पण ऑफिसच्या काचेतून दिसणारे डोंगर आज पहिल्यांदा पायाखाली आले. ताम्हिणीतल्या एका ढाब्यामागची पत्र्याची खोली म्हणजे आमच्या डोंगर-बचाव पथकाचं कार्यालय. पथकप्रमुख जयसिंगदादा शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. नथू घाटातल्याच वाडीचा, एरवी मजुरी करतो, पण दोरावर त्याचा हात धरणारा कुणी नाही. दोघांनी मला गाठी शिकवल्या. सतरा वेळा चुकले, नथू सतरा वेळा हसला. नंतर ढाब्यावर पिठलं-भाकरी. इतकी भूक कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

शनिवार, २० सप्टेंबर

आठवडाभर संध्याकाळी कंपन्यांच्या गेटबाहेर देणगीची पेटी घेऊन उभी राहिले. लोक विचारतात, पडायला डोंगरात जायचंच कशाला? आज मात्र एक कंपनी नवं स्ट्रेचर आणि दोर द्यायला तयार झाली. अट एकच, आधी प्रात्यक्षिक दाखवा. पुढच्या रविवारी ठरलंय. सगळ्यांत हलकी म्हणून जखमी मी! नथू म्हणाला, "ताई, तुमी नुस्तं पडून ऱ्हायचं. बाकीचं आमी बगतो."

रविवार, २१ सप्टेंबर

आज सराव झाला. रस्त्यापासून वीस मिनिटांवर एक कपार आहे, तिच्यात चाळीस फूट खाली खाटेएवढा कट्टा. तिथं ऊन कधीच पोचत नाही, तरी दगड कोमट होता, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा. मी नथूला सांगितलं. त्यानं हात लावून बघितला आणि पटकन काढून घेतला. परत येताना दादांना म्हणाला, दुसरी जागा बघू. दादांनी ऐकलं नाही. पाहुण्यांना वरून नीट दिसेल अशी तेवढी एकच जागा आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळी १०.२०. कट्ट्यावर उतरले. कमरेचा पट्टा भिंतीतल्या कडीला अडकवला आणि दोर वर गेला. पाहुण्यांना सगळं खरं वाटायला हवं ना! डोक्याला लाल रंग लावलेली पट्टी आहे. वेळ जायला ही वही आणलीय. दादा वॉकी-टॉकीवर म्हणाले, पाहुण्यांचा चहा चाललाय.

१०.५५. धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत.

११.१५. नथू उतरला, पण माझ्यापाशी नाही. आवाजावरून, डावीकडे पाच-सहा फुटांवर थांबला. तिथं तर नुसती भिंत आहे. मी हाका मारल्या, त्याला ऐकूच गेल्या नाहीत. तो म्हणाला, "जुईलीताई, हात द्या." आणि तिकडून माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "हा घे."

११.४०. वर टाळ्या. मी बटण दाबून ओरडले, दादा, मी खालीच आहे! ते भडकले. म्हणाले, कोण थट्टा करतंय? जुईली माझ्यासमोर चहा पितेय.

१२.०५. वॉकी-टॉकी खरखरला. माझाच आवाज, पण दबका, आजूबाजूच्यांना कळू नये असा. विचारत होता, माणच्या खोलीला कुठली किल्ली लागते, पितळेची की बारकी? मी वॉकी-टॉकी कानापासून लांब धरला. मग म्हणाला, "रागावू नकोस. मी फार दिवस थांबले होते गं."

१.३०. गाड्या गेल्या.

सोमवार, २९ सप्टेंबर

पट्टा सोडून चढायचा प्रयत्न केला. सगळीकडे शेवाळ. भिंत वर जाऊन बाहेर झुकलीय. दोन नखं निघाली. तासभर चढत होते. खाली बघितलं तर कट्टा पायाला लागूनच—

बुधवार, १ ऑक्टोबर

भूक नाही. तहानही नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. वॉकी-टॉकी बंद पडला. शुक्रवारी आई फोन करते. वर गेलेली ती उचलेल. आईला कळेल ना? कळायलाच हवं—

रविवार, ५ ऑक्टोबर

वर माणसं आलीत. पुन्हा प्रात्यक्षिक, दुसरी कुठलीतरी कंपनी. माझा आवाज एका नव्या मुलीला समजावतोय, कसं पडून राहायचं ते. मुलीचं नाव रेश्मा. खूप हसते.

ती उतरली. माझ्या शेजारी पडलीय. तिला मी दिसत नाही. ओरडले, रेश्मा, वर जा! घशातून आवाज निघाला तो तिचा—

धुकं.

दोर आला. नथू. या वेळी माझ्याच पुढ्यात थांबलाय. रेश्मा तिकडून हाका मारतेय. त्याला ऐकू येत नाही.

म्हणतोय, "रेश्माताई, हात द्या."

नाही देणार. ती रडायला लागलीय. नाही—

आईला एकदा फोन फक्त. वर गेले की लगेच सांगेन, पहिलं तेच सांगेन, की खाली अजून