तलावाच्या काठची फट

निरगुडसर,
२० एप्रिल

चि. गोरख यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझी साखर आणि आरतीचे गुडघे ताब्यात असतील, असे धरून चालते. माझी प्रकृती उत्तम. वजन उतरले, ते उतरणारच होते. तू फोन उचलत नाहीस (आठ महिन्यांत मी दोनदाच केला, हेही खरे), म्हणून पत्र. विषय तलावाचा आहे, दुसरे काही नाही.

तुझ्या दाजींनी पर्यटकांसाठी पोहण्याचा तलाव बांधला, तेव्हा काठाचे दगड आणि भोवतीचा काँक्रीटचा ओटा यांच्यात बोटभर फट मुद्दाम ठेवली होती. दर उन्हाळ्यात ते गुडघे टेकून ती कसल्याशा मऊ मसाल्याने स्वतः भरत. त्यांच्या तेराव्याला, पंगत बसली असताना तू म्हणालास, ‘अक्का, त्या फटीत सिमेंट घालू देऊ नकोस.’ मी सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले की, माणूस जाऊन तेरा दिवस झाले आणि तुला फटी दिसतात. तू भरल्या पानावरून उठलास. (भाऊबीजेलाही आला नाहीस. दुखवट्याच्या वर्षात सण नसतो म्हणून, असे मी गावात सांगितले. गावाने ऐकून घेतले.)

तर मी सिमेंटच घातले. भिमाजी गवंड्याचेही तेच मत. ‘बाई, फट दिसली तर लोक म्हनत्याल, भिमाजीला काम येत न्हाई.’ देवळाचा ओटा असो की गोठा, त्याने आयुष्यात एक फट उघडी सोडलेली नाही. होळीनंतर ऊन तापले, ओटा फुगला, सरकायला जागा उरली नाही आणि काठाचे तीन दगड उचकटले. एक तलावात पडला. भिमाजी त्याच्याकडे बघत म्हणाला, ‘माझं शिमिट लई पक्कं व्हतं, बाई.’ जणू दोष दगडाचा.

मग सिमेंट फोडून काढले, दगड बसवले आणि मंचरहून रबरासारखा मसाला आणला. तो नळीतून गनने फटीत सोडायचा असतो. मी बी.एस्सी. आहे, म्हणून कोणाला विचारले नाही. नऊ नळ्या फटीने गिळल्या. दहावी कुठे वर दिसू लागली, तेवढ्यात म्हस्कूची मेंढरे पाण्यावर आली. (तो म्हणतो, ‘मेंढराला काय ठावं, हौद पावण्यांचा हाय त्ये?’) एक मेंढी ओल्या मसाल्यावर बसली ती उठेना. कात्री मीच चालवली. आता फटीला लोकर आहे. मला हसू आवरेना, आणि हसता हसता मी घराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, ‘अहो, बघा तरी!’ म्हस्कू खाली मान घालून मेंढरे घेऊन निघून गेला.

मसाल्याआधी फटीत काहीतरी घालायचे असते, असे तू तेव्हा सांगत होतास. मी पुरते बोलू दिले नाही. ते काय, एवढेच कळव.

तुझी
अक्का

ता. क. फोमची दोरी. दुकानदाराने सांगितले. पत्र चार दिवस टेबलावर पडून होते, तेवढ्यात भिमाजीने लोकरीसकट जुना मसाला खरवडला, दोरी दाबून वर नवा भरला. काम उत्तम झाले. वरचा प्रश्न रद्द समजावा.

आणखी एक. तरी ये. तेराव्याला मी बोलले ते चुकले. हे वाक्य आरतीला वाचून दाखवू नकोस.