सोबत एक मदतनीस

९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रिय खिळ्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पत्रात लिहितात तितपत ठीक. बाबांचा खोकला कमी आहे, हातांची थरथर आहे तशीच. तू आता मोठा माणूस झालास म्हणून पाकिटावर पूर्ण नाव लिहिलंय, आत मात्र खिळ्याच. बाबांचे खिळे खिशात भरून पळायचास तेव्हापासूनचं नाव आहे, ते मी काही सोडणार नाही.

पुस्तक मिळालं. देखणं झालंय. तो अंतराळाचा सिनेमा कसा घडला याची अडीचशे गुळगुळीत पानं, त्यातली वीस तुझी. मुलाखतीत तू म्हणतोस की सिनेमातलं ते बर्फाखालचं शहर, ज्याचं मॉडेल केलं, तुला एका पहाटे डोळ्यांसमोर दिसलं. छान. मला आठवतं ते असं, की बाबांनी ते आपल्या जेवणाच्या टेबलावर चौदा महिने खपून उभं केलं आणि तेवढे दिवस आपण जमिनीवर बसून जेवलो. शिलाई मशीनच्या बॉबिनचे मनोरे, पेनांच्या टोपणांची धुराडी, बाद टॉर्चच्या काचांचे घुमट. काम तू आणलंस, हे मान्य. बर्फासाठी मीठही चाळून दिलंस. पण शहर दिसलं ते बाबांना, आणि पहाटे नाही, रोज दहा ते सहा.

पान एकशे बारावर फोटो आहे. तू हाताची घडी घालून शहरापुढे उभा, मागे बाबा वाकून रंग पुसतायत. खाली ओळ: ‘मॉडेल विभागप्रमुख, सोबत एक मदतनीस.’

ती वाचून माझं डोकं फिरलं. बाबा दोन वर्षं या पुस्तकाची वाट बघत होते, रोज विचारायचे. मी चार दिवस पुस्तक लपवलं आणि टपालात अडकलंय अशी थाप मारली. मग आमच्या गल्लीतल्या छापखान्यात तसाच कागद शोधला, तसंच अक्षर जुळवलं आणि नवी ओळ छापून घेतली. तीत ‘शहराचे निर्माते’ म्हणून बाबांचं नाव. पट्टीच्या कडा ब्लेडने खरवडून पातळ केल्या आणि जुन्या ओळीवर चिकटवली. सांधा लपवायचा कसा, हे बाबांनीच शिकवलेलं. पाचव्या दिवशी पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

एवढी वर्षं त्यांच्या शेजारी बसून काम केलं आणि एक गोष्ट मात्र विसरले. बाबा काहीही हातात घेतलं की ते बघत नाहीत, तपासतात. त्यांनी सवयीने टॉर्च काढला आणि मॉडेलवर धरतात तसा पानावर आडवा धरला. पट्टीच्या कडेची बारीक सावली पडली. त्यांनी ती नखाने उचलली आणि खालचं वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

‘कड जाड राहिली,’ म्हणाले. ‘गोंद पातळ करून आण.’

पट्टी त्यांनी स्वतः परत चिकटवली. मी फक्त त्यांचं मनगट धरलं.

दुसऱ्या दिवशी सिनेमाच्या सेटवरचे आपले वायरमनकाका आले. बाबांनी तेच पान उघडून पुढे केलं. ‘बघ,’ म्हणाले, ‘पोरानं माझं नाव घातलंय.’ काकांच्या घरी त्याच पुस्तकाची प्रत आहे, सगळ्या जुन्या लोकांना पाठवलीत ना तुम्ही. त्यांनी पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तुझं तोंड भरून कौतुक केलं. मला तिथे बसवेना. खिळ्या, तुझा इतका राग मला कधीच आला नव्हता.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. वर म्हटलंय की ओळ वाचून डोकं फिरलं. फिरलं खरं, पण ती मी पहिल्यांदा वाचत नव्हते. मार्चमध्ये प्रकाशकांकडून संमतिपत्र आलं, त्यात फोटो आणि त्याखालची ओळ छापलेली होती. फोटोतल्या प्रत्येकाची सही हवी होती. तू फोनवर म्हणालास, नुसता सोपस्कार आहे, आणि त्याच फोनवर म्हणालास की पुढच्या सिनेमात रंगकामाचं टेबल माझं. मी ओळ वाचली. बाबांना दाखवली नाही. त्यांची थरथरती सही मीच केली. ते टेबल अजून मिळालेलं नाही, आणि त्याबद्दल तोंड उघडायची माझी लायकीही नाही.

बाबांनी बजावलंय की त्यांना कळलंय हे तुला कळवायचं नाही. तुझी पुढची कामं अडतील म्हणाले. अजूनही तुझीच काळजी.

मी कळवतेय. काल प्रकाशकांनाही लिहिलं, की ती सही माझी आहे आणि बाबांना कुणी काही विचारलेलं नाही. पुस्तक पुढच्या महिन्यात पुन्हा छापायला जाणार आहे, त्याआधी ते तुला विचारतील की फोटोत मागे वाकलेला माणूस कोण.

घरी येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये, पण प्रकाशकांना उत्तर देऊन ये.

तुझीच, आणि तुझ्याइतकीच दोषी,
ताई