ह्यांचा राऊटर

४ जुलै
आजही कॉल तीनदा तुटला. मंजिरीताई पुण्याहून व्हिडिओवर ह्यांना बोलायला शिकवतात, सोम-बुध-शुक्र, सकाळी अकराला. पक्षाघाताला सात महिने झाले. उजवा हात गेला, शब्द गेले. कळतं सगळं. बोलता येतं ते ‘हां’ आणि ‘नाय’, तेवढंच. आज छत्रीचं चित्र दाखवलं. ह्यांनी तोंड उघडलं, ‘छ...’ आणि स्क्रीन गोठली. परत जोडेपर्यंत हे भिंतीकडं तोंड करून बसलेले.
मंजिरीताई म्हणाल्या, “नेटचं बघा काहीतरी. मध्येच तुटलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं.”

६ जुलै
केबलवाले शकीलभाई येऊन गेले. “भाभी, लाइन एकदम बराबर है. राऊटरच अटकतोय. कंपनीनं याचं सॉफ्टवेअर कवाच सोडून दिलंय.” दुसरा देतील, पण आठ-दहा दिवसांनी.
हा राऊटर ह्यांनीच आणलेला. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अठरा वर्षं काढली ह्यांनी. राऊटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, पुसून खुलं, फुकट मिळणारं टाकायचं, असं दोन वर्षं घोकत होते. राहिलंच.
विचारलं, मी टाकू का? “हां.” लगेच.

८ जुलै
दोन दिवस नुसतं वाचतेय. शाळेत मराठी शिकवणारी बाई मी, सध्या रजेवर. निम्मं डोक्यावरून जातं. एवढं कळलं: मॉडेलचं नाव बघायचं, त्याची फाइल उतरवायची, राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ती चढवायची. फाइल सापडली. नाव तंतोतंत.

९ जुलै
वाटोळं केलं.
दुपारी लॅपटॉप वायरनं जोडला. हे शेजारी बसले होते. फाइल चढवायचं बटण दाबणार तेवढ्यात ह्यांचं सुरू झालं, “खा... खा...” मला वाटलं भूक लागली. उठून पोहे करून आणले. बशी ढकलून दिली. डाव्या हातानं राऊटर उलटा केला, टेबलावर आपटला. “खा... खा!” वाटलं, चिडलेत. वायर निघेल म्हणून मी ओरडले, “अहो, बसा ना दोन मिनिटं गप!” हातातून काढूनच घेतला.
बटण दाबलं. पट्टी शंभरपर्यंत गेली. मग सगळे दिवे गेले, एकच लुकलुकत राहिला. तासभर थांबले. गेला तो.
पोहे कोणीच खाल्ले नाहीत.

१० जुलै
राऊटर कपाटात टाकायला उचलला. खालच्या बाजूला स्टिकर. मॉडेलच्या नावापुढं बारीक अक्षरात: आवृत्ती ३. मी चढवली ती आवृत्ती २ ची.
खाली. खाली बघ म्हणत होते.
सात महिन्यांत आपणहून काढलेला पहिला शब्द. अर्धा का होईना. आणि मी पोहे...
“तुम्ही ‘खाली’ म्हणत होतात ना?” ह्यांनी टीव्ही लावला.

१३ जुलै
देवगावहून भाऊजी आले, ह्यांचे धाकटे भाऊ. शेतातली भेंडी आणली. राऊटरचं ऐकून म्हणाले, “वैनी, त्या डब्यात कशाला जीव गुतवता? दादाला गावाकडं न्या. हवा लई चांगली तिथं.” दादा समोरच बसलेला. त्याला कोणी विचारलं नाही. मी पण नाही.

१६ जुलै
शकीलभाईंनी नवा बसवला. कॉल पूर्ण पाऊण तास चालला, एकदाही तुटला नाही.
बारा चित्रं. एक शब्द नाही. छत्रीचा ‘छ’सुद्धा नाही.
इतके दिवस मी नेटला शिव्या घालत होते. आता कुणाला घालू.

१८ जुलै
आजही कॉल तुटला नाही, आजही काही नाही. शेवटी मंजिरीताई म्हणाल्या, तुम्ही एकट्या थांबा. “खोटी आशा लावत नाही, ताई. मला पुढं सरकताना दिसत नाहीये. महिन्यातून एकदा करूया का? दोघंही दमलात.”
‘खाली’चं सांगितलं. त्या जरा सावरून बसल्या. “स्वतःहून? पुन्हा म्हणाले का?”
नाही म्हणाले मी. सोमवारी कळवते म्हटलं.

२० जुलै
सकाळी चहा घेऊन आले तर हे टेबलाशी. मेलेला राऊटर कपाटातून काढलेला, लॅपटॉप उघडा. त्यावर ह्यांनीच कधीतरी जपून ठेवलेलं पान: बंद पडलेला राऊटर उठवायची रीत. रीसेटचं बटण दाबून धरायचं, त्याच वेळी स्विच चालू करायचा, मग राऊटर लॅपटॉपवरची फाइल स्वतः ओढून घेतो. घेतली तर.
फाइल ह्या वेळी आवृत्ती ३ ची. मी नाव दोनदा वाचलं, ह्यांनी बोट ठेवून तीनदा.
हे बटण, मी स्विच. ह्यांच्या एका हातातून राऊटर निसटतो. सहा वेळा केलं. काही नाही. वाटलं, आता म्हणतील ‘नाय’. म्हणाले नाहीत.

२१ जुलै
अकराला वीस मिनिटं आहेत. मंजिरीताईंना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. महिन्यातून एकदा म्हणजे सुटलंच, हे ह्यांनाही कळेल. आणि आठवड्यातून तीनदा म्हणजे पुन्हा ती चित्रं, आणि ह्यांचं ते तोंड.
ह्यांनी आत्ता वायर काढून दुसऱ्या भोकात घालायला लावली. बोटानं दाखवलं. शब्द नाही.
राऊटर पोटाशी दाबून धरलाय, बटणावर पेनाचं टोक. माझ्याकडं बघतायत. स्विच दाबायला उठते.