वच्छलाची आवड

नागपूर, धंतोली
२० जून १९७६

ती. दादांस प्रेमिलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मॅट्रिक पास झालेली तुमची लेक काल गाडीत बसवून दिली, पोचली असेल. आमच्या मार्गदर्शन केंद्रात मुलांची आवड मोजायची एक चाचणी असते, ती मी तिच्याकडून करवून घेतली. दोन-दोन कामं दिलेली असतात, आवडेल त्यावर खूण करायची. शिवणकाम की सायकल दुरुस्ती, कविता पाठ करणं की घड्याळ उघडून बघणं. मधेच थांबून म्हणाली, "आत्या, मले आवडते ते लिहू, का पोरीले आवडावं ते?" तुला आवडतं तेच लिही, असं मी सांगितलं.

दादा, यंत्रकामात तिचे गुण इतके वर गेले की मी पुन्हा मोजून पाहिले. डी.एड.चा हट्ट सोडा. इथल्या एका तांत्रिक संस्थेत टर्नरचा, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कापून घडवायचा, वर्ग आहे. मुलींना मनाई नाही, फक्त आजवर कोणी आली नाही. राहील माझ्याकडे. वीजघरात जन्म काढलेल्या बापाला लेकीच्या काळ्या हातांची लाज वाटायची नाही, असं मी धरून चालते. वहिनींना नमस्कार.

तुमच्या मायेची,
प्रेमिला


खापरखेडा
२८ जून १९७६

चि. प्रेमिलास चंपतरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्या वहिनीनं धड जेवण केलं नाही. पोरगी लोखंड कापणार म्हणून मारोतराव फोरमन साऱ्या कॉलनीत हसून राहिला. पण वच्छला म्हणते, शिकीन तर हेच. तू एवढ्या पोरांले रस्ता दाखवते, आता ह्या एकीलेही दाखव. तुह्या भरवशावर पाठवतो.

एक गोष्ट कानावर घालतो. मौद्याचं स्थळ आलं आहे, पोरगा ग्रामसेवक. जमलं तर साखरपुडा करून ठेवू. लग्न शिक्षण झाल्यावर. तब्येतीले जप.

तुझा दादा


खापरखेडा
१९ फेब्रुवारी १९७७

चि. प्रेमिलास आशीर्वाद.

वच्छलाले दवाखान्यातून घरी आणलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला, बाकीची बोटं गेली, ते तू पाहिलंच. मास्तर म्हणे, साखरपुड्यातला चांदीचा गोट लेथमध्ये अडकला आणि हात आत ओढला गेला. होणाऱ्या सासूनं सांगितलं होतं, लग्नापर्यंत गोट हातातून काढायचे नाही. तुझी वहिनीही तेच बजावत होती. आता मौद्याच्या लोकांनी सोयरीक मोडली, गोट परत नेले. एक वाकडा झाला होता, तोही नेला.

तू पोरीची आवड मोजली. ती मशीनजवळ कशी उभी राहते, ते काहून नाही पाहिलं? तुह्या भरवशावर पाठवली होती.

सावनेरचा एक बिजवर आहे, दोन लेकरांचा. त्याले हो म्हणतो. यापुढं तिले पत्र लिहू नको.

चंपतराव


नागपूर
२ मार्च १९७७

ती. दादांस सा. न. वि. वि.

वच्छलाला लिहू नको म्हणालात, म्हणून तुम्हालाच लिहिते.

गोट मी पाहिले होते. काढून ठेव म्हटलं, तर आईची शपथ आहे म्हणाली. मास्तरांनी सांगितलं, तेव्हा तिने बाही खाली ओढून ते झाकले. तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं. नव्या सोयरिकीत वाईटपणा नको म्हणून गप्प बसले. तुम्ही रागवा, मी ऐकून घेईन.

पण साखरपुड्याचं तिला कोणी विचारलं होतं का, दादा? एकच मागणं आहे. सावनेरला होकार देण्याआधी तिला विचारा, आणि ती म्हणेल ते ऐका. मग माझं तोंड पाहू नका, चालेल.

प्रेमिला


खापरखेडा
१० एप्रिल १९७७

प्रिय आत्यास वच्छलाचा नमस्कार.

डाव्या हातानं लिहून राहिली, अक्षराले हसू नको. बाबांनी तुझं पत्र मले वाचायले दिलं. मी वाचेपर्यंत ते समोर बसून होते. मग म्हणाले, "करतं का वं सावनेरचं?" मी नाही म्हटलं. आई रडली. बाबा सावनेरले जाऊन नकार कळवून आले.

नंतर सुट्टी टाकून नागपूरले गेले होते. तुझ्याकडे आले नाही, वाईट वाटू देऊ नको. त्यांच्यानं तुले तोंड दाखवलं गेलं नाही. पोरीले पुन्हा वर्गात घ्या म्हणून संस्थेत मास्तरांजवळ लय वेळ उभे राहिले. मास्तरांच्याही डोळ्यांत पाणी आलं म्हणे, पण ह्या हातानं ते काम होत नाही. दुसरं काही शिकवता येते का, ते तू पाहशील हे मले माहीत आहे. पाह्य. आत्ताच काही विचारू नको.

आता बाबा मले सगळंच विचारतात. भाजी कोणती आणू, दार उघडं ठेवू का.

आई म्हणते, तुझी चाचणी खोटी निघाली. खोटी नव्हती, आत्या. बाबा ड्युटीवरून येतात तेव्हा त्यांच्या कपड्यांले ऑइलचा वास असतो. मी कपडे भिजवायले घेते आणि तशीच धरून बसते. आवड गेली असती तर बरं झालं असतं.

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
वच्छला