सहाशे धाग्यांची चादर

२८ सप्टेंबर, सकाळी ७.१०
नोंदी थोडक्यात ठेवायच्या. भावना नकोत, मोजमाप हवे.

दिवाळीत कोल्हापूरचे देशमाने कुटुंब येते आहे. दर वर्षी येते, आमच्या तारकर्लीच्या होमस्टेच्या चारही खोल्या घेते. काल जेवताना आईने जाहीर केले की या वेळी सगळे मी चालवायचे. देशमाने काकू खूश होऊन गेल्या तर चाव्यांचा जुडगा कायमचा माझ्याकडे. नाहीतर मुकाट्याने इचलकरंजीच्या गिरणीत परत. मी टेक्स्टाइलची डिप्लोमाधारक, चार वर्षे क्वालिटी कंट्रोलमध्ये. सामना एकतर्फी आहे. आईची थोडी कीव येते.

पहिला निर्णय: चादरी बदलणे. सध्याच्या मालवणच्या दुकानात ताग्यातून कापून आणलेल्या, पांढऱ्याच. साधी वीण, चौरस इंचात जेमतेम १८० धागे. कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याने घातलेला खोलीचा नंबर, शेजाऱ्यांच्या चादरींत मिसळू नये म्हणून. अव्यावसायिक.

३ ऑक्टोबर
नव्या आल्या. पांढऱ्या, सॅटीन वीण, थ्रेड काउंट सहाशे. भिंगाखाली मोजले: ३०२. धागा दोन पदरी आहे, विकणाऱ्याने प्रत्येक पदर वेगळा धरला. ही युक्ती सामान्य गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. माझ्या आली. म्हणजे मी फसले नाही.

आईने चादर गालाला लावली, उजेडात धरली आणि विचारले, "गो बाय, ही सुकतली कधी?" प्रश्न तांत्रिक नव्हता.

४ ऑक्टोबर
चाचणी सुरू. एक नवी चादर माझ्या पलंगावर. नमुना क्रमांक १. रोज सकाळी दहापैकी गुण द्यायचे.

५ ऑक्टोबर
६ गुण. गरम, थोडी चिकट. दोष हवेचा.

६ ऑक्टोबर
नमुना धुवायला दिला. महादूकाका आमच्याकडे वीस वर्षे धुणे आणि खोल्या सांभाळतात. त्यांनी चादर पिळून पाहिली आणि म्हणाले, "हिका सुकाक दोन दिस व्हये." संध्याकाळी पाहते तर पलंगावर घातलेली, कोरडी! आईला मुद्दाम सांगितले. ती "बरां" म्हणाली आणि खोबऱ्याचे वाटप वाटायला गेली. पराभव पचवणे सोपे नसते.

७ ऑक्टोबर
९.५ गुण. थंड, हलकी, अंगाला चिकटत नाही.

१५ ऑक्टोबर
सलग नऊ दिवस ९.५. नव्या चादरीला जुन्या कपड्याचा मुरलेला मऊपणा. सूत चांगले असले की असे होते. निष्कर्ष निर्विवाद.

२० ऑक्टोबर
देशमाने आले. मोठी माणसे आठ, मुले तीन. चारही खोल्यांत नव्या चादरी. जुन्या आईने कपाटात ठेवल्या. फेकल्या नाहीत. हळवेपणा.

२१ ऑक्टोबर, सकाळी ९
काकूंची तक्रार: चादरीवरून रात्रभर घसरायला झाले, आणि गरम. सवय नसते लोकांना.
मुले समुद्रावरून तशीच पलंगावर. वाळू चादरीत रुतली, झटकली तरी निघेना. महादूकाका म्हणाले की चादर झटकली की वाळू पडूक व्हयी, नायतर ती चादर खंयची? प्रमाणित चाचण्यांच्या यादीत वाळू नाही.

२२ ऑक्टोबर
काल धुतलेल्या चादरी ओल्याच. दुपारी सर आली. दोरी वजनाने खाली आली, चादरी वाळूत लोळल्या. पुन्हा धुतल्या. खोल्यांत आता आंबट वास. काकूंनी आईला बाजूला घेऊन मागच्या वर्षीच्या चादरी मागितल्या. मला ऐकू आले.

पुराव्याशिवाय वाद घालायचा नाही. काकूंना माझ्या खोलीत नेले, पलंगावर बसवले, अठरा दिवसांचा तक्ता दाखवला. काकूंनी हात फिरवला, आडव्या झाल्या, म्हणाल्या, "अगं, हीच की! हीच हवी आम्हाला!" मी आईकडे पाहिले. ती दारात उभी होती.

उठताना काकूंनी कोपरा उलटला. लाल दोरा. नंबर ३.

आई म्हणाली, "सहा तारखेपासून जुनीच आसा गो. नवी सुकाक नाय. तू काय ओल्यावर निजतलंस?"

नमुना दूषित झाला होता. भिंग टेबलावरच होते. इतक्या दिवसांत पलंगावरच्या चादरीला एकदाही लावले नव्हते, कारण लेबल माहीत होते.

२५ ऑक्टोबर
देशमाने गेले. शेवटच्या तीन रात्री सगळे जुन्या चादरींवर गाढ झोपले. काकूंनी पुढच्या दिवाळीच्या चारही खोल्या आत्ताच सांगून ठेवल्या आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. अटीनुसार मी जिंकले.

आईने शब्द पाळला. जुडगा माझ्या हातात दिला. चौदा चाव्या असायला हव्यात. मोजल्या: तेरा. चादरींच्या कपाटाची नाही.

भिंग लावून पुन्हा मोजल्या. तेराच.